आधी टेबल मोजा

गेमिंगसाठी मोठा मॉनिटर घ्यायचा म्हटलं की बोलणं इंचांपासून सुरू होतं. २७ घेऊ की ३२, की सरळ ४२? इंच खोक्यावर ठळक छापलेले असतात आणि मित्रांना सांगायलाही बरे पडतात. पण खेळताना डोळ्यांना इंच दिसत नाहीत, स्क्रीनने समोरचा किती कोन व्यापलाय ते दिसतं, आणि तो कोन अंतरावर ठरतो. म्हणून माझं म्हणणं असं, की मॉनिटरची निवड टेबलापासून सुरू करावी. डोळ्यांपासून काचेपर्यंतचं अंतर एकदा पक्कं झालं, की रिझोल्यूशन, पॅनेलची जात, ग्राफिक्स कार्ड या प्रश्नांचा निम्मा गुंता तिथेच सुटतो.

घरातलं कॉम्प्युटरचं टेबल बहुधा ६० सेंटीमीटर खोल असतं. मॉनिटरच्या स्टँडचा पाय मागेही पसरलेला असल्याने काच भिंतीपासून बरीच पुढे येते. खुर्चीला पाठ टेकवून बसलं तर डोळे आणि काच यांच्यात ७० सेंटीमीटर धरू. या अंतरावरून २७ इंची स्क्रीन आडवी ४६ अंश व्यापते, ३२ इंची ५४ आणि ४२ इंची ६७. काउंटर-स्ट्राइकमध्ये नकाशा वर डाव्या कोपऱ्यात असतो आणि गोळ्यांचा आकडा खाली उजवीकडे. २४-२५ इंची स्क्रीनवर मध्यापासून कोपरा साधारण २४ अंशांवर पडतो, म्हणजे नुसती नजर टाकून काम भागतं. ४२ इंचीवर तोच कोपरा ३७ अंशांवर जातो आणि मान वळवावी लागते. लाखो डॉलरच्या बक्षिसांसाठी खेळणारे लोक स्पर्धेत २४-२५ इंची मॉनिटरसमोर बसतात, ते काही मोठा परवडत नाही म्हणून नव्हे. आणि मोठ्या स्क्रीनवर गेममधलं जग जास्त दिसतं हाही गैरसमजच. १६:९ ची स्क्रीन २४ इंची असो वा ४२, चित्र तेच असतं, फक्त ताणून मोठं केलेलं. ज्यांना खरोखर बाजूचं जास्त दिसायला हवं त्यांनी २१:९ ची रुंद स्क्रीन बघावी, तीही आपला गेम ती मानतो का हे तपासून.

आता बारीकपणाकडे येऊ. ७० सेंटीमीटरवरून निकोप डोळ्याला साधारण ०.२ मिलिमीटरचे ठिपके वेगळे दिसू शकतात. ३२ इंची स्क्रीनवर क्यूएचडी रिझोल्यूशनचा एक पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा, म्हणजे अक्षरांच्या कडा दातेरी दिसणार. त्याच आकारात ४के घेतलं तर पिक्सेल ०.१८ मिलिमीटरचा होतो आणि ठिपके विरघळतात. गंमत पुढे आहे. ४२ इंची ४केचा पिक्सेल ०.२४ मिलिमीटर, २७ इंची क्यूएचडीचा ०.२३. म्हणजे ४२ इंची घेणाऱ्याला चित्र तेवढ्याच पोताचं मिळतं, फक्त कापड जास्त. त्या कापडाचं बिल मात्र कार्ड भरतं. क्यूएचडीत सुमारे ३७ लाख पिक्सेल, ४केत ८३ लाख; दर फ्रेमला सव्वादोन पट काम. यावर कोणी म्हणेल, डीएलएसएस आणि एफएसआर ही चित्र वाढवणारी तंत्रं आहेत की! आक्षेप रास्त आहे. ‘क्वालिटी’ मोडमध्ये कार्ड क्यूएचडीत चित्र काढतं आणि ते ४केपर्यंत वाढवतं, म्हणूनच मधल्या पट्टीच्या कार्डावरही ३२ इंची ४के आता उडवून लावता येत नाही. पण ते वाढवायलाही वेळ लागतो आणि कार्डाची मेमरीही जास्त लागते, तेव्हा फुकट काहीच नाही.

मोठ्या सपाट पॅनेलची खरी खोड कोपऱ्यांत असते. दुकानात पॅनेलची जात समोर उभं राहून पारखतात. पण टेबलाशी बसल्यावर मध्यभाग सरळ दिसतो आणि कडा तिरप्या. ३२ इंचीची बाजूची कड २७ अंशांतून, ४२ इंचीची ३४ अंशांतून. टीएन पॅनेल लहान आकारात चालून जातं; मोठं झालं की एकच करडा रंग वर गडद आणि खाली फिका दिसू लागतो. व्हीए पॅनेलचा काळा रंग समोरून सुरेख, पण कडेला तो फिकटतो. वाकवलेले मॉनिटर बहुतेक व्हीए असतात याचं एक कारण हेच. १००० आर म्हणजे एक मीटर त्रिज्येचा बाक, ज्यात कडा डोळ्यांकडे वळतात. केवळ मिरवण्यासाठी तो केलेला नाही. आयपीएसचे रंग तिरप्या नजरेलाही टिकतात, पण अंधाऱ्या प्रसंगात कोपऱ्यांत राखाडी उजेड पसरतो. या कसोटीवर ओएलईडीच उजवं ठरतं. मात्र त्यावर तासन्‌तास एकाच जागी राहणाऱ्या नकाशाचा डाग बसू शकतो, आणि पाठीमागे खिडकी असेल तर चकचकीत काचेत शत्रूआधी आपलाच चेहरा दिसतो.

‘आकाराचं सोडा, हर्ट्झ बघा,’ असं म्हणणारेही असतात. पण हर्ट्झसुद्धा आकारापासून सुटत नाहीत. ६० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद जागीच थांबते आणि डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूमागे सरकत राहतो. त्यातून फरफट दिसते. एखादी वस्तू सेकंदात स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकाला गेली, तर २७ इंचीवर ही फरफट एक सेंटीमीटरची आणि ४२ इंचीवर दीड सेंटीमीटरची होते. म्हणजे स्क्रीन जितकी मोठी तितके हर्ट्झ जास्त हवेत, आणि ते पुरवायला कार्डही तितकंच दमदार. ४२ इंची ४के ६० हर्ट्झ हा म्हणूनच सगळ्यांत फसवा सौदा. एचडीएमआयवरून ४केत पूर्ण रंगांसह १२० हर्ट्झ हवे असतील तर एचडीएमआय २.१ लागतं, २.० ची मजल ६० पर्यंतच. खोक्यावरच्या ‘१ एमएस’ रिस्पॉन्स टाइमवर मी एक ओळही खर्च करणार नाही, कारण तो आकडा सहसा सर्वांत अनुकूल रंगबदलाचा असतो.

मग मोठी स्क्रीन घ्यायचीच नाही का? तसं नाही. फ्लाइट सिम्युलेटर किंवा गाड्यांच्या शर्यतीत कडा नजरेच्या बाहेर जाव्यात हाच आनंद असतो, आणि तिथे कोपऱ्यात बघायची घाईही नसते. शिवाय अंतर वाढवता येतं. ४२ इंची मॉनिटर भिंतीवर बसवून एक मीटरवर बसलं तर तो ५० अंशच व्यापतो, म्हणजे ७० सेंटीमीटरवरच्या ३२ इंचीपेक्षाही थोडा कमी, आणि तेवढ्या लांबून त्याचे ठिपकेही दिसेनासे होतात. आपल्याकडे ३२ इंच ही सीमा डोळ्यांनी नव्हे, जीएसटीने आखली होती: १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंत १८ टक्के, त्यावर २८. सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनाच १८ टक्के लागू झाला आणि ते कुंपण पडलं. त्यामुळे आता मोह जास्त.

मोह झालाच तर आधी जुनी वर्तमानपत्रं जोडून ४२ इंची स्क्रीनएवढा, म्हणजे ९३ बाय ५२ सेंटीमीटरचा कागद कापावा, काच जिथे येणार तिथे तो उभा करावा, आणि नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखं बसून वरच्या डाव्या कोपऱ्यातला मजकूर वाचून बघावा. मान हलली, तर दुसरा कागद ३२ इंचीचा, ७१ बाय ४० चा.