न्यूडी गावलो

दिल्लीत बसून समुद्रावरच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करणं हा प्रकारच थोडा विचित्र. पुस्तक मुलांसाठीचं, इंग्रजीतलं. नोएडातल्या माझ्या खिडकीतून नोव्हेंबरात समोरची इमारत दिसत नाही, तिथे प्रवाळ कुठून दिसणार! बहुतेक शब्द निभावले. अडलं ते न्यूडिब्रँकपाशी. बोटाच्या पेरापेक्षाही लहान असू शकणारी, भडक रंगांची, कवच टाकून दिलेली समुद्रातली गोगलगाय. जगभरात तिच्या सुमारे ३,००० जाती. मराठी नाव सापडेना.

लॅटिन-ग्रीक नावाचा अर्थ 'उघड्या कल्ल्यांचा'. परिभाषेच्या वळणाने 'नग्नक्लोमी' बनवता आलं असतं, पण पहिल्या शब्दावर वर्ग हसेल आणि दुसऱ्यावर झोपेल. शिवाय मूळ नाव तरी कुठे सगळ्यांना लागू पडतं? काहींच्या पाठीवर कल्ल्यांचा पिसासारखा तुरा असतो खरा, पण काहींना असे कल्लेच नसतात. पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांतूनच त्यांचा श्वास चालतो. अशा नावाचं शब्दशः भाषांतर करणं माझ्या जिवावर आलं.

म्हणून चार दिवस काढून मालवण गाठलं. डायव्हिंगचं प्राथमिक प्रमाणपत्र आधीच होतं, कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स मैत्रिणीची. मोपाला उतरून पुढे रस्त्याने. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पाणी फार खोल नाही आणि फार नितळही नाही. अंदमानची निळाई मनात धरून येणारे हिरमुसतात. मॅक्रोवाल्यांचं मात्र त्यात काही बिघडत नाही, कारण त्यांचं जग लेन्सपुढच्या वीतभर जागेत मावतं.

सात मीटरवर पहिली गोष्ट जाणवते ती लाल रंगाची गैरहजेरी. पाणी आधी लाल शोषून घेतं, त्यामुळे सगळं तपकिरी-हिरवट. टॉर्च लावला की खडक एकदम पेटल्यासारखा होतो. मास्कच्या काचेतून वस्तू पाऊण अंतरावर आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, म्हणजे हात नेहमी अलीकडेच थांबतो. फुप्फुसं भरली की शरीर वर सरकतं, रिकामी केली की खाली. आणि मॅक्रोत स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम काही मिलिमीटरचा. श्वास रोखणं डायव्हिंगमध्ये निषिद्ध. त्यामुळे सावकाश श्वास सोडत, नेमक्या क्षणी बटण दाबायचं. चाळीस फोटोंत दोन धड आले.

त्यांतला एक हायड्रॉइडच्या झुडपावर चरत होता. अंग पांढरं, पाठीवर नारिंगी टोकांची बोटं. हायड्रॉइडच्या डंख मारणाऱ्या पेशी खायच्या, पचवायच्या मात्र नाहीत, त्या पाठीवरच्या टोकांत साठवून स्वतःच्या रक्षणाला वापरायच्या: असा हा उसनवारीवर जगणारा प्राणी. (अनुवादकाला जवळचा वाटला, तर नवल नाही.) डोळे इतके अधू, की स्वतःचे रंग त्याला कधी दिसणार नाहीत.

वर आल्यावर कॅमेऱ्याचा पडदा होडीवाल्या काकांपुढे धरला. याला तुमच्यात काय म्हणतात?

"तेका कोण खाणा नाय, मगे नाव कित्याक व्हया?"

कालवं, तिसऱ्या, खुबे, शिनाणे यांना नावं आहेत, कारण ती कालवणात जातात. हे कोडं मी ग्रंथालयांत सोडवत बसले होते. काकांची नाराजी दुसऱ्याच नावावर होती. १९८७ साली इथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. आमच्या खडकांना तुम्ही नाव देता नि मग आम्हालाच विचारता जाळं कुठे टाकलं, असं ते म्हणाले, रागाने नाही, दोरी गुंडाळता गुंडाळता. माझ्या हातात अनुवादाची वही होती. ती मी पिशवीत टाकली.

तेवढ्यात शेजारच्या होडीतून आमच्या गाइडला कुणीतरी हाक मारली, "न्यूडी गावलो?"

"दोन गावले!"

विशी-बाविशीतली पोरं. पर्यटक फोटोसाठी पैसे मोजतात, तेव्हा खाल्ला न जाणाराही आता पोटाशी जोडला गेला आहे आणि त्याला नाव मिळालं आहे. नाव इंग्रजी, क्रियापद अस्सल मालवणी, आणि लिंगही ठरवून मोकळे: तो न्यूडी. हा प्राणी एकाच देहात नर आणि मादी दोन्ही असतो. यावर इंग्रजीला काही ठरवावं लागत नाही, मराठीला पहिल्याच क्रियापदापाशी ठरवावं लागतं. मी दोन महिने 'ती गोगलगाय'च्या आधारावर वाक्यं ओढत होते.

नोएडाला परतल्यावर संपादकांची टिपण्णी मसुद्यात तशीच होती: 'मराठी शब्द सुचवावा'. त्या पानावरची क्रियापदं मी सगळी बदलली आहेत. 'सरकली'चं 'सरकला', 'चरत होती'चं 'चरत होता'. नामाच्या जागी 'न्यूडी' लिहून संपादकांना पाठवलं आहे, आणि उत्तर अजून आलेलं नाही.