जमिनीखालचा हिशेब

एखादे दुकान बंद पडले की त्याची पाटी उतरते, दाराला कुलूप लागते आणि वर्षा-दोन वर्षांत तेथे काय होते हेही लोक विसरतात. पेट्रोल पंपाची गोष्ट मात्र निराळी. त्याचा खरा संसार जमिनीखाली असतो. हजारो लिटर इंधन साठवणाऱ्या टाक्या आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या आपल्या दृष्टीआड असतात. ओलसर मातीत पोलाद गंजते. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून थेंब थेंब झिरपू लागतो, आणि वर गाड्यांची वर्दळ सुखाने चालू राहते.

आमच्या वस्तीतला असाच एक पंप बंद पडला आहे. त्या जागी बालोद्यान व्हावे, तेथेच कूपनलिका खोदून पाण्याची सोय करावी, असा अर्ज शेजाऱ्यांनी माझ्यापुढे ठेवला. मुलांना खेळायला जागा नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी आनंदाने सही केली. मात्र तिच्यावर एक वाक्य जोडले : ‘आधी माती व भूजल तपासावे.’ एक स्नेही हसून म्हणाले, ‘‘अहो, वास तर काहीच येत नाही!’’ त्यांना मी जे उत्तर दिले तेच आपणांपुढे ठेवतो.

वास न येणे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे भूजलापर्यंत पोचल्यावर ते तवंगासारखे पसरते. परंतु त्यातील बेन्झीन काही अंशी पाण्यात विरघळून त्याच्याबरोबर प्रवास करते. हे द्रव्य रक्ताच्या कर्करोगास कारण होते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नाकाला त्याची चाहूल लागण्याच्या कितीतरी आधी ही मर्यादा ओलांडलेली असते.

मग तपास करावा कसा? आरंभ कागदांपासून होतो. टाक्या किती होत्या, कोठे पुरल्या होत्या, त्या काढल्या की तशाच राहिल्या, साठ्याच्या वहीत तूट दिसते काय, हे पाहावे लागते. नंतर ठिकठिकाणी छिद्रे घेऊन निरनिराळ्या खोलीची माती काढतात. बेन्झीन हवेत चटकन उडून जात असल्याने नमुने घट्ट बंद करून थंड ठेवतात. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे कळण्यासाठी किमान तीन निरीक्षण-विहिरी लागतात. त्यांतील पाण्याच्या पातळ्या ताडून उतार निश्चित होतो. त्या उताराच्या दिशेला कोणाची विहीर आहे, हाच खरा प्रश्न असतो. शिवाय आपल्या देशात २००० सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोल विकले जाई. म्हणून जुन्या पंपाच्या मातीत शिसेही शोधावे लागते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता मोनिका या शहराला १९९६ साली आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एमटीबीई नावाचा पदार्थ भूमिगत टाक्यांतून गळून त्या पाण्यात उतरला होता. तो पाण्यात सहज मिसळतो, दूरवर जातो आणि लवकर नाहीसा होत नाही. शहराच्या पाणीपुरवठ्याचा जवळजवळ निम्मा भाग हातचा गेला, आणि विहिरी पुन्हा कामी आणण्यास दशकाहून अधिक काळ लागला. भूमिगत टाक्यांवर नियंत्रण आणणारा कायदा त्या देशाने १९८४ मध्येच केला होता. पण जुनी गळती कायद्याची वाट पाहत थांबली नव्हती.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नवे पंप शाळा, रुग्णालये व वस्तीपासून सामान्यतः ५० मीटर दूर असावेत, असे सांगितले आहे. बंद पडलेल्या पंपाची चौकशी मात्र बहुधा त्या जागेवर डोळा ठेवणाऱ्यानेच करावी लागते.

मातीतही पेट्रोल पचविणारे सूक्ष्म जीव असतात. प्राणवायू व अवधी मिळाला तर ते पुष्कळ काम करतात. परंतु त्यांनी किती केले, हे मोजल्याविना कळत नाही. तेव्हा घरासाठी, शाळेसाठी वा विहिरीसाठी जागा पाहताना आपण तिचा भाव जसा विचारतो, तसाच तिचा पूर्वेतिहासही विचारावा. वर हिरवळ दिसली म्हणून खालचे पाणी निर्मळ असेलच असे नाही. आणि तपासणीचा खर्च जड वाटला, तर त्या पाण्याचा पहिला पेला कोण पिणार आहे, याचे स्मरण ठेवावे.