डोक्यातली हवा

माझे वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच.

गेल्या पावसाळ्यात देऊळगाव राजात पंक्चरवाल्याकडे ट्रॅक्टर उभा होता. वडील चहाला गेलेले. ‘चाक टणक तेवढे बरे’ असे ठरवून मी मागच्या दोन्ही चाकांत पंचवीस पौंड हवा भरायला लावली. दुसऱ्या दिवशी ओलसर काळ्या रानात चाके जागीच फिरू लागली, वीतभर चाकोऱ्या पडल्या.

वडील खाली उतरले. व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून हवा सोडायची, ट्रॅक्टर थोडा पुढे घ्यायचा, ठसा पाहायचा. टायरचे दात पूर्ण रुंदीने मातीत उमटले तेव्हा ते थांबले. मी पेटीतल्या गेजने मोजले : बारा पौंड!

“चाक पसरलं की माती धरते, अन् रानही कमी दबते. सडकेवर ट्रॉली ओढायची तर जास्त लागते,” एवढेच ते बोलले.

खोळंब्यापायी मालकाने अर्धा रोज कापला. चूक कोणाची, हे वडिलांनी सांगितले नाही. मीही गप्पच राहिलो. ते आज इथे लिहितो आहे. वडिलांना मात्र वाचता येत नाही.