जेन्शियनची काडी

लोझानहून निघालेली गाडी ज्युरा डोंगरातल्या रानांतून वर चढते आणि ल पाँजवळ एकदम तळं उघडतं. लाक द झू. लांबी नऊ किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटर. मी पोहोचलो तेव्हा ऑक्टोबर होता आणि पाणी शिशासारखं करडं दिसत होतं. कडाक्याच्या हिवाळ्यात हे तळं गोठतं. 1886 साली रेल्वे आली आणि इथल्या बर्फाच्या लाद्या पॅरिसपर्यंत जाऊ लागल्या.

या खोऱ्याचं नाव व्हाले द झू. 1740च्या सुमारास साम्युएल-ऑलिव्हिए मेलाँने इथे घड्याळं करायला सुरुवात केली आणि ती कला शेतकऱ्यांनी उचलली. बर्फ पडला की गुरं गोठ्यात आणि माणसं खिडकीशी. एका घरात चक्रांचे दात कापले जायचे, दुसऱ्या घरात स्क्रू घडायचे. जुन्या घरांमध्ये एकीला एक लागून खिडक्यांची रांग दिसली, की तिथे कधीकाळी कुणीतरी भिंग लावून बसत होतं असं खुशाल समजावं.

ल साँतिए गावात अँत्वान लकूल्त्रने 1833 साली कार्यशाळा काढली. 1844 साली त्याने मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारं यंत्र बनवलं. पुढे याच कारखान्यातून 1931 साली ‘रिव्हर्सो’ हे उलटं फिरवता येणारं चौकोनी घड्याळ आलं. त्याची गरज निर्माण झाली ती आपल्याकडे, हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमुळे. चेंडूच्या नाहीतर काठीच्या फटक्याने घड्याळाची काच फुटायची. आता खेळताना काच आत वळवावी आणि धातूची पाठ बाहेर ठेवावी.

पण मी आलो होतो ते घड्याळाचं पोट बघायला.

एका लहानशा कार्यशाळेत पांढरा कोट घातलेली कारागीर बाई छातीइतक्या उंच टेबलाशी बसली होती. टेबल उंच असतं, कारण त्यामुळे मान न वाकवता डोळा कामाजवळ राहतो आणि कोपरांना आधार मिळतो. हातात नखापेक्षा जेमतेम मोठी पितळी पट्टी होती. घड्याळजींच्या भाषेत हा पूल, कारण चक्रांची वरची टोकं तोच पेलून धरतो. त्याची कड ती 45 अंशांत उतरवत होती. जिथे दोन उतार आतल्या बाजूला भेटतात, तिथे सुईसारखा टोकदार कोपरा हवा. फिरणाऱ्या यंत्राचं पातं तिथे पोहोचतच नाही, कोपरा गोल सोडतं. तो फक्त कानशीने आणि नंतर एका वाळक्या काडीने साधतो.

ती काडी जेन्शियनची. पिवळ्या फुलांचं हे झाड इथल्याच कुरणांत उगवतं. त्याचा देठ वाळवतात, टोक तासतात, हिऱ्याच्या भुकटीचा लेप लावतात आणि घासत राहतात, घासत राहतात. बाईंनी पट्टी उजेडात तिरकी धरली. कडेवरून एक बारीक रेघ पेटत गेली. मग त्यांनी कथलाच्या पत्र्यावर घासून काढलेला पोलादी तुकडा दाखवला. एका कोनातून आरशासारखा पांढरा आणि जरा कलला की काजळासारखा काळा.

या कामाची माझ्या मते सर्वांत देखणी साक्ष म्हणजे घड्याळजी फिलिप द्यूफूर यांचं ‘सिंप्लिसिटी’ हे घड्याळ. 1948 साली याच खोऱ्यात जन्मलेल्या द्यूफूर यांनी ते 2000 साली आणलं. तीन काटे, सेकंदाची छोटी तबकडी, तारीखसुद्धा नाही. सगळी श्रीमंती आतल्या पुलांच्या कडांवर ओतलेली आहे. अशी घड्याळं फार तर दोनशेच्या थोडी वर निघाली. खोऱ्यातल्याच ल सोलिया गावात त्यांची कार्यशाळा आहे, जुन्या शाळेच्या इमारतीत.

निघताना बाईंनी तयार घड्याळाला चावी देता देता ते माझ्या कानाशी धरलं. वडील रोज सकाळी दाढी झाली की एचएमटी जनताला चावी द्यायचे. तीच कुरकुर, अंमळ मऊ.

संध्याकाळी गाडीला वेळ होता म्हणून कुरणाकडे चालत गेलो. गवत कापून नेलेलं होतं. गुरांनीही तोंड न लावलेले जेन्शियनचे तपकिरी देठ मात्र गुडघ्याच्या वर ताठ उभे होते.