मण्यावर थांबलेलं बोट

वसईच्या आमच्या घरी संध्याकाळची जपमाळ सुरू झाली, की कुणीतरी दारात यायचंच. विळा मागायला, मिठाची वाटी न्यायला, नाहीतर नुसतंच. आई डोळे उघडायची, बोट आहे त्या मण्यावर दाबून धरायची नि म्हणायची, "ये, बस ना." मी चिडायचो. प्रार्थना लांबली की जेवण लांबायचं. वाडीतून थकून आलेले बाबा भिंतीला टेकून बसलेले असायचे.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठासाठी नियम लिहिले, त्यातलं ६६वं प्रकरण दारावरच्या माणसाचं. तो म्हातारा असावा, भटकायची हौस फिटलेला. कुणी दार ठोठावलं की ओ देताना त्याने देवाचे आभार मानावेत. वाचायला छान. बेल वाजल्यावर माझ्या तोंडून निघतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू याईराच्या घरी निघालाय. याईराची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय. वाटेत, बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई गर्दीतून मागून त्याच्या वस्त्राला शिवते, आणि तो थांबतो. कोण शिवलं, विचारत उभा राहतो. प्रवचनांत त्या बाईविषयी पुष्कळ ऐकलं. माझी नजर मात्र याईरावर खिळते. बाई आपली सगळी हकीकत सांगतेय, आणि तो? शुभवर्तमान या क्षणी त्याच्या तोंडी एक शब्द घालत नाही. मग घरून निरोप येतो, मुलगी गेली. ती पुढे उठते हे आपल्याला ठाऊक. त्या रस्त्यावर त्याला नव्हतं.

कुणी थांबतं, तेव्हा खोळंबा बहुधा दुसऱ्याचाच होतो. कवी नारायण वामन टिळकांच्या घरी असंच झालं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं होतं? त्या स्वतः १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, पण मधली ताटातूट त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेत वाचताना अजूनही पोटात कालवतं.

पाहुणी गेल्यावर आई पुन्हा डोळे मिटायची. कधी बोट सुटलेलं असायचं; मग अंदाजाने दोन-तीन मणी मागे जाऊन ती तिथून सुरू करायची. भात आणखी निवायचा. बाबा काही बोलायचे नाहीत.