दोन नाताळांमधली वेणी

केसांविषयी लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करावयास हवे. डोक्यावर उरलेल्या मोजक्या केसांवरून सकाळी एकदा कंगवा फिरविला की आमचे केशसंगोपन संपते. तथापि गेल्या दोन वर्षांत आमच्या धर्मग्रामातील एका मुलीच्या केसांनी आम्हांस जे शिकविले, ते सेमिनरी हिल्सवरील तत्त्वज्ञानाच्या आणि ईशज्ञानाच्या वर्गांत कुणी शिकविले नव्हते. तिच्या अनुमतीने, परंतु तिचे नाव न घेता, ती हकीकत येथे मांडीत आहोत. तिच्यात आमचाही एक अपराध आहे. तो गाळून ही हकीकत सांगता येणार नाही.

ही मुलगी आमच्या गायनवृंदात गाते. कमरेपर्यंत रुळणारी काळीभोर वेणी ही तिची ओळख होती. तिची आई 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्या महिन्यात नागपूरने काय सोसले, हे येथील वाचकांस सांगावयास नको. अंत्यविधीला मोजकी माणसे होती. आई गेल्यावर घरात वडील, आजी आणि ही पोर, एवढीच माणसे उरली. आईची शिलाईयंत्रावरची जागा रिकामी झाली आणि दर शनिवारी रात्री पोरीच्या केसांना तेल लावून वेणी घालणारे हातही गेले.

2023 च्या डिसेंबरमध्ये, पुढच्या महिन्यात होणाऱ्या मामेभावाच्या लग्नासाठी, तिने मैत्रिणींबरोबर एका ब्यूटी पार्लरमध्ये जाऊन केस ब्लीच करून घेतले. ठरले होते ते केवळ टोकांना सोनेरी छटा देण्याचे. आपल्याकडील गडद केस ब्लीचने एकदम सोनेरी होत नाहीत. आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळे होतात. पहिल्या खेपेस नारिंगी रंग आला. तो झाकावा म्हणून त्याच दिवशी दुसरी खेप देण्यात आली, आणि ती टोकांपुरती न राहता मुळांपाशी दोन बोटे सोडून सबंध केसांवर चढली. संध्याकाळी पोर घरी आली ती गव्हाच्या काडासारखे केस घेऊन.

आता आमचा अपराध. आगमनकाळाचा तिसरा रविवार होता. वेदीवरून प्रवचन करताना बाह्य सजावटीच्या हव्यासाचा विषय निघाला आणि आम्ही सहज म्हणून गेलो, की आजकाल काही जणांना देवाने दिलेला रंगसुद्धा पसंत पडत नाही. मंदिरात हशा पिकला. पुष्कळ माना गायनवृंदाकडे वळल्या. आम्हीही हसलो. तिने मात्र मान खाली घातली, आणि मिस्सा संपण्यापूर्वीच ती बाजूच्या दाराने निघून गेली.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला तिचा आवाज नव्हता. त्यानंतर दोन दिवसांनी तिची आजी आमच्याकडे आली. म्हातारी फारशी बोलणारी नव्हे. दारातच उभी राहून म्हणाली, "केस तं येतीन फादर, पन तिचं मन कसं येईन?" आम्ही तिला बसावयास सांगितले, पण ती थांबली नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगी दुपट्टा डोक्याभोवती घट्ट गुंडाळून बसली होती. आम्ही क्षमा मागितली. ती "असू द्या फादर" म्हणाली. पण "असू द्या" म्हणणे निराळे आणि क्षमा करणे निराळे, हे पापनिवेदन ऐकण्यात पंचवीस वर्षे घालविलेल्या माणसाला कळते. मग तिने दुपट्टा सोडला. केस नुकतेच धुतलेले होते. तिने एक ओली बट बोटांत धरून किंचित ओढली. ती रबरासारखी लांबली आणि तुटून तिच्या हातात आली. कंगव्यात तर केसांचा पुंजकाच होता. आजी भिंतीकडे पाहत बसली.

काय करावे हे आम्हांस कळेना. ओळखीच्या एक धर्मभगिनी आहेत. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत. आम्ही मुलीला आणि आजीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. सिस्टरांनी बट हातात घेतली, भिंगातून पाहिली आणि शांतपणे सांगितले, "फादर, डोक्याबाहेर आलेला केस मृत असतो. जिवंत आहे ते त्वचेखाली, मुळाशी. म्हणून याला जखमेसारखे बरे करता येत नाही. सांभाळता मात्र येते."

मग त्यांनी समजावून दिले ते असे. केसाच्या बाहेरच्या बाजूस छपरावरील कवेलूंसारख्या एकीवर एक बसविलेल्या सूक्ष्म खपल्या असतात. आत केराटिन नावाच्या प्रथिनाचा गाभा असतो आणि त्या गाभ्यात केसाला काळेपणा देणारे मेलॅनिन असते. ब्लीचमधील अल्कधर्मी द्रव्ये या कवेलूंना वर उचलतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मेलॅनिनचा नाश करते. हे रसायन तेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1818 साली शोधले. दवाखान्यात जखम धुताना फेस येतो तो याच्याच सौम्य द्रावणाचा. पार्लरमध्ये ते तीन टक्क्यांपासून बारा टक्क्यांपर्यंत तीव्रतेचे वापरतात. मात्र ते केवळ रंगच खात नाही. केराटिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधणारे गंधकाचे दुवेही ते तोडते, आणि केसाच्या पृष्ठभागावर निसर्गतः असलेला स्निग्ध थरही नाहीसा करते. असा केस पाणी अधिक शोषतो, फुगतो, वाळण्यास वेळ घेतो आणि ओला असताना सर्वांत दुबळा असतो. दुसऱ्या खेपेने झाले ते हेच. रंग जवळजवळ गेला होताच. मग बांधणीच गेली.

"मग उपाय?" आजीने विचारले.

सिस्टरांनी प्रथम काय करू नये ते सांगितले. तोवर शेजारणींनी सुचविलेल्या उपायांची यादी लांबली होती. कुणी अंडे लावण्यास सांगितले होते. पण कच्च्या अंड्यातील प्रथिनांचे रेणू इतके मोठे असतात की ते केसाच्या आत शिरतच नाहीत. कुणी मेंदी सुचविली होती. ब्लीच केलेल्या केसांवर शुद्ध मेंदी भडक नारिंगी रंगते, आणि बाजारी मेंदीत धातूंचे क्षार असल्यास नवेच संकट. कुणी लिंबाचा रस लावून उन्हात बसण्यास सांगितले होते. त्याने तर केस आणखी फिके पडतात. एका पार्लरने केराटिन ट्रीटमेंटचा आग्रह धरला होता. तीत तापलेल्या इस्त्रीने केस दाबतात, आणि अशा कित्येक उपचारांत फॉर्मल्डिहाइडचा विषारी वायू सुटतो. तुटलेले दुवे काही अंशी पुन्हा जोडण्याचा दावा करणारी द्रव्ये 2014 पासून, अमेरिकेतील ओलाप्लेक्सच्या आगमनापासून, बाजारात आली आहेत. त्यांनी थोडा आधार मिळतो. परंतु गेलेली बांधणी पूर्ववत होत नाही, आणि किंमत या कुटुंबाला झेपणारी नव्हती.

"एका रसायनाने बिघडले म्हणून त्यावर दुसरे, त्यावर तिसरे, असे करू नका," सिस्टर म्हणाल्या. "आता नवे नुकसान थांबवायचे, इतकेच."

जे करावयाचे होते ते साधे होते. धुण्याच्या आदल्या रात्री केसांना खोबरेल लावावे. यात आजीबाईंच्या बटव्यापलीकडे काही आहे का, असे आम्ही विचारले. सिस्टरांनी 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची माहिती दिली. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतून प्रथिने झिजून जाण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी केले ते केवळ खोबरेलाने. निरोगी केसांतही आणि बिघडलेल्या केसांतही. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते. कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हेही सिस्टरांनी लपविले नाही.

आमचा जन्म वसईचा. आईने कपाळापर्यंत थापलेल्या खोबरेलाची आम्हांस लहानपणी लाज वाटे. त्या दिवशी ती लाज थोडी उतरली. नागपूरच्या डिसेंबरात मात्र हे तेल बाटलीत गोठून बसते, कारण सुमारे चोवीस अंशांखाली ते घट्ट होते. आजी रोज सकाळी बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवू लागली.

शॅम्पू सौम्य, तोही आठवड्यातून एकदाच, आणि केवळ टाळूला. त्यानंतर दर वेळी कंडिशनर. याविषयी सिस्टरांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात रुतून बसली. ब्लीचने पोळलेल्या केसावर ऋण विद्युत्भार वाढतो. कंडिशनरमधील द्रव्यांवर धन भार असतो. म्हणून जेथे केस अधिक बिघडलेला, तेथे ते अधिक घट्ट चिकटते. निरोगी केसाला त्याची तितकी गरज नसते आणि तो तितके घेतही नाही.

केस टॉवेलने रगडावयाचे नाहीत, जुन्या सुती कापडाने टिपून घ्यावयाचे. गुंता काढताना बर्डीवरून आणलेल्या रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोके सोडवावयाची, मग हळूहळू वर जावयाचे. घरी बोअरचे पाणी होते. जड पाण्यातील कॅल्शियम असा केस अधिक शोषतो आणि राठ होतो. तेव्हा केसांसाठी नळाचे पाणी वेगळे भरून ठेवण्याचे काम वडिलांनी आपणहून अंगावर घेतले. तोवर ते मुलीशी धड बोलत नव्हते. रोज एक बादली भरता भरता ते बोलू लागले.

2024 मध्ये राखेचा बुधवार 14 फेब्रुवारीला आला. आमचा अपराध चारचौघांत घडला होता. त्याची क्षमा बंद दाराआड मागणे पुरेसे नव्हते. त्या दिवशी प्रवचनात आम्ही लूकच्या शुभवर्तमानातील त्या स्त्रीविषयी बोललो, जिने प्रभूचे चरण आपल्या आसवांनी भिजविले आणि केसांनी पुसले. यजमानाला तिचे केवळ पाप दिसले होते. आगमनकाळात या वेदीवरून आम्ही त्या यजमानासारखे वागलो, असे आम्ही नाव न घेता म्हणालो आणि क्षमा मागितली. ती शेवटच्या बाकावर बसली होती. राख घ्यावयास ती आमच्यासमोर आली तेव्हा तिने प्रथमच मान वर केली.

मग उन्हाळा आला. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला. प्रखर ऊन बिघडलेल्या केसांचा राहिलेला जोरही नेते; म्हणून स्कूटीवरून जाणाऱ्या येथील साऱ्या मुलींप्रमाणे ती दुपट्टा बांधे. आता त्या दुपट्ट्यामागे लाज नव्हती, काळजी होती. मुळांशी नवे काळे केस दिसू लागले होते. केस महिन्याला जेमतेम एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. जुन्या पिवळ्या आणि नव्या काळ्या केसांची जेथे गाठ पडते तेथे तो हमखास तुटतो. शिवाय दुभंगलेले टोक वरवर चिरत जाते. टोके थोडी थोडी कापत राहा, असे सिस्टरांनी सांगितले होते. ती मात्र कापू देत नव्हती. आम्ही तिला हट्टी म्हणालो.

एके दिवशी तिने कारण सांगितले. "फादर, आई जाऊन तीन वर्षं झाली. वेणीचा खालचा भाग आईनं विंचरलेला आहे."

आम्ही मनाशी हिशेब केला. तो बरोबर होता. कमरेपाशी पोहोचलेले टोक पाच-सहा वर्षांपूर्वी मुळातून निघालेले असते. तिची निम्मी वेणी आईच्या हयातीतली होती. जे आम्हांस सजावट वाटले होते, ते असे होते. आम्ही तिला पुन्हा कापावयास सांगितले नाही.

ते तिचे तिनेच ठरविले. त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणानंतर, तिने वेणी घातली आणि आजीच्या हातात कात्री दिली. कापलेली वेणी पांढऱ्या कापडात गुंडाळून आईच्या शिलाईयंत्राच्या खणात ठेवली. त्यानंतर दर दोन महिन्यांनी ती थोडे थोडे कापीत गेली. उरलेला पिवळेपणा झाकण्यासाठी अमोनिया आणि पेरॉक्साइड नसलेला तात्पुरता रंग लावी. तो धुण्यागणिक उतरे, पण इजा करीत नसे.

2025 च्या नाताळात ती मध्यरात्रीच्या मिस्सेला गायली. केस जेमतेम खांद्यापर्यंत आले होते. मात्र मुळापासून टोकापर्यंत तिचे स्वतःचे, काळे होते. ब्लीचचा एकही केस उरला नव्हता. मिस्सेनंतर ती आम्हांस शुभेच्छा देण्यास आली आणि म्हणाली, "फादर, यंदा प्रवचनात काही बोलला नाहीत?" ती हसली, तेव्हा कुठे आम्हीही हसलो.

पोळलेला केस पुन्हा पूर्वीसारखा करून देणारे औषध नाही. वेदीवरून निघालेला शब्दही परत घेता येत नाही. त्या दोन वर्षांत त्या घराने जे केले ते इतकेच, की जे बिघडले होते त्याला आणखी ओढले नाही आणि मुळाशी जे जिवंत होते त्याला वेळ दिला. आजी अजूनही हिवाळ्यात सकाळी तेलाची बाटली उन्हात ठेवते. प्रवचनाची टिपणे लिहून झाली की आम्हीही आता ती एक रात्र तशीच ठेवतो आणि सकाळी पुन्हा वाचून पाहतो.