नाही म्हणायचे पेढे

1954च्या विशेष विवाह कायद्याला लग्नासाठी तीन साक्षीदार पुरतात. आधी नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, 30 दिवसांत कुणाचा रास्त आक्षेप आला नाही की तिघांसमोर सह्या. लेकीनं हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "कायद्याचं बरं आहे, त्याला भावकी नाही."

लेक आणि होणारा जावई, दोघंही पुण्यात नोकरीला. नोंदणी पुण्यात करायची, मग रविवारी सांगलीत आमच्या गच्चीवर जेवण, दोन्हीकडची मिळून 50 माणसं. यापलीकडे त्यांना काही नको होतं. व्याही अमरावतीचे. त्यांनी एका फोनमध्ये मान्य केलं, 25 तुमची, 25 आमची. घोडं अडलं ते आमच्याच घरात.

थोरल्याच्या लग्नातली आहेराची वही काढली. तेव्हा नऊशेच्या वर पानं उठली होती. वहीत नाव एकाचं, पण वाचताना त्यामागचं अख्खं घर डोळ्यांपुढे येतं. कुणी 101 रुपये दिले, कुणी स्टीलचा डबा, कुणी नुसतंच "हस्ते अमुक". आमचे दीर-जावा, नणंदा, माझे भाऊ-बहिणी आणि त्यांची पोरं मोजली तर 24 झाली. उरली एक जागा. त्या जागेसाठी नवऱ्याच्या मनात त्याचे जुने साहेब होते. लेकीनं मात्र पाळणाघराच्या काकूंचं नाव लिहिलं आणि वही मिटली. मी नोकरीवर असताना त्या बाईनं तिला भरवलंय, मी काय बोलणार?

2021च्या एप्रिलात सरकारनं लग्नाला 25 माणसं आणि दोन तास असा नियम केला होता. मोडला तर 50 हजार रुपये दंड. माझ्या भाच्याचं लग्न त्याच दिवसांतलं. कुणी म्हणून रुसलं नाही. उलट न बोलावलेल्यांचेच फोन यायचे, की जपा, गर्दी करू नका. तेव्हा नाही म्हणायला सरकार होतं. आता ते आम्हालाच, आमच्या तोंडानं म्हणायचं होतं.

नवऱ्याचं मत, व्हॉट्सॲपवर एक छानसा मजकूर टाकून मोकळं व्हावं. मला ते पटेना. बोलावलं नाही हे माणूस एकवेळ विसरतं. दुसऱ्याकडून कळलं हे नाही विसरत. मग मीच पेढ्यांचे पुडे घेऊन बाहेर पडले. छोट्या लग्नात दगदग वाचते म्हणतात. बोलावणं करायला एक पत्रिका पुरते, न बोलावण्यासाठी प्रत्येकाच्या घरी चहा प्यावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तासगावच्या बाजूला आमचे चुलत सासरे राहतात, नाना. द्राक्षाची बाग, भावकीत शब्दाला वजन. त्यांच्या पाया पडून पुडा पुढे केला, सगळं सांगितलं. नानांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि म्हणाले, "म्हंजे आमी जेवायला यायचं न्हाई, हे सांगायला तू पेढं घिऊन आलीस व्हय?"

"होय, नाना."

आतून काकी हसल्या, म्हणून नानाही हसले. निघताना त्यांनी 501 रुपयांचं पाकीट काढलं. मी म्हटलं, आहेर घ्यायचा नाही असं पोरांनी ठरवलंय. "मी कुठं कार्यात देतोय? माझ्या घरात देतोय. घरातलं तुझ्या पोरीनं काय ठरवायचं?" यावर उत्तर नव्हतं. पाकीट घेतलं.

सगळीकडे इतकं सोपं गेलं नाही. एका घरी पुडा टीपॉयवर तसाच राहिला. मी उठेपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. त्या घराशी बोलणं अजून जेवढ्यास तेवढंच आहे, आणि त्यांचा राग मला अगदीच खोटा वाटत नाही.

पण एक गोष्ट आमच्या हिशेबातच नव्हती. पुडे पोचल्यावर केळवणांची बोलावणी सुरू झाली. ज्यांना आपण जेवायला बोलावलं नाही, ते पोरांना जेवायला बोलावत होते. लेक-जावई शनिवार-रविवार सांगलीला यायचे ते दोन्ही वेळची केळवणं गाठायलाच. जावयाला सांगलीत श्रीखंड नको म्हणायची भाषा शेवटपर्यंत सापडली नाही. लेकीला ब्लाउजची शिवण उसवून घ्यावी लागली.

पत्रिका छापल्याच नव्हत्या. पण पहिली पत्रिका सांगलीच्या गणपतीला, हे सासूबाईंच्या लेखी ठरलेलं. त्यांनी फुलस्केपवर स्वतःच्या अक्षरात एक लिहिली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. या गणपतीला 25मध्ये धरायचं का, हा नवऱ्याचा विनोद त्यांना मुळीच आवडला नाही. नोंदणीच्या वेळी आणखी एक प्रश्न निघाला. मुलीला बोहल्यावर मामा आणतो, आणि इथे बोहलाच नाही. म्हणून माझ्या धाकट्या भावाला साक्षीदार केलं. तो आधार कार्ड घेऊन पहाटेच निघाला आणि सहीच्या वेळी पिशवीतून फेटा काढून डोक्यावर चढवून उभा राहिला. बाकी दोन साक्षीदार जीन्समध्ये.

जेवण मंगल कार्यालयात करावं असं आधी आम्हा दोघांच्या मनात होतं. पण ज्यांना विचारलं त्यांनी किमान 200 ताटांचे पैसे भरा म्हणून सांगितलं. म्हणून गच्चीच. त्यानं एक झालं, नऊशे पानांच्या लग्नात कुणालाच मिळाली नसती अशी तव्यावरची पुरणपोळी मिळाली. पोळी-भाजी केंद्राच्या दोघी जिन्यालगत शेगड्या मांडून बसल्या होत्या. कटाची आमटी, वर तुपाची धार. अंतरपाट धरला, मंगलाष्टका जावांनी म्हटल्या, त्या सुरात होत्या असं म्हणवत नाही. विहीणबाईंना आग्रह करायला मी स्वतः वाढायला उभी होते. थोरल्याच्या लग्नात मी कुणाच्या पानात काय पडलं ते पाहिलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी लेकीनं नवी वही आणली आणि केळवणाच्या पाकिटांची नावं लिहायला बसली. नानांचे 501 सगळ्यात वर. मे महिन्यात त्यांच्या नातवाचं लग्न आहे, कार्यालय हजार माणसांचं. पत्रिका आमच्याकडे आली आणि पुण्याला वेगळी गेली, सहकुटुंब सहपरिवार. दोघांनी रजा टाकली आहे.